बारमाही रस्ते, हंगामी डोंगर

(ठाकूरद्वार येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर गिरगावातल्या शाळेत भूगोल शिकवत. महाराष्ट्राचा कोरा नकाशा ते मुलांना आधी पावसानं भरायला लावत आणि मगच त्यात रेल्वे आणि रस्ते काढू देत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. आजचा विषय मी त्याच क्रमानं मांडणार आहे. आधी पाऊस, मग रस्ते, आणि शेवटी त्या रस्त्यांवरून जाणारी माणसं. विषय आहे पर्यटकांची बदलती संख्या. ती कुठे वाढते, कधी वाढते, आणि ज्या जमिनीवर वाढते तिला ती कशी लागते, हे आपण पाहू.

पावसापासून सुरुवात करू. कोकणपट्टीत वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्री चढून महाबळेश्वरला गेलं की तो साडेपाच-सहा हजारांच्या घरात जातो. तिथून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहून कमी. आणखी पूर्वेला माण-खटावात पोचलो की पाचशे मिलिमीटरवर समाधान मानायचं. मराठवाड्यात सातशे-आठशे. पुढे पूर्व विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊस आकडा पुन्हा हजार-बाराशेच्या वर नेतो आणि सागाचं, बांबूचं जंगल सुरू होतं. म्हणजे एकाच राज्यात किनारा, घाटमाथा, कोरडं पठार आणि पानझडी जंगल असे वेगवेगळे प्रदेश आहेत आणि प्रत्येकाचं वर्ष वेगळं आहे. कोकणचा मे आणि चंद्रपूरचा मे हे एकाच कॅलेंडरच्या पानावर असले तरी एक महिना नव्हेत.

आता रस्ते. पूर्वी या प्रदेशांना आपापले बंद दिवस होते आणि ते कुणाला जाहीर करावे लागत नसत. भाऊच्या धक्क्यावरून दक्षिण कोकणात जाणारी आगबोट पावसाळ्यात बंद असे. समुद्र खवळला की रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं मुंबईकरांपासून काही महिने तुटत. सर जॉन माल्कमच्या काळात, १८२८च्या सुमारास, महाबळेश्वर हे थंड हवेचं ठिकाण म्हणून वसलं. तिथे मुंबई सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात असे, आणि पावसाळा लागला की सरकार पुण्याला उतरे. धो धो पावसात महाबळेश्वरात थांबायची गव्हर्नरचीही तयारी नव्हती. माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तीही पावसाळ्यात नेरळहून वर माथेरानपर्यंत जात नाही. थोडक्यात, जून ते सप्टेंबर हे चार महिने सह्याद्री आणि किनारा माणसाला दार लावून घेत.

ते दार रस्त्यांनी उघडलं. १९९८च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग बारा महिने चालू लागला. २००२पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि दादरहून लोणावळा हा सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचा प्रवास झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता विदर्भातल्या जंगलांना मुंबईच्या मोटारीच्या टप्प्यात आणतो. रस्ते बारमाही झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण डोंगर काही बारमाही झाले नाहीत. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं त्याचं विवरण.

विवरणाआधी आकड्यांविषयी थोडं बोलायला हवं, कारण पर्यटनाची बातमी आपल्यापर्यंत आकड्यांतूनच येते. परदेशातून भारतात येणाऱ्यांचा आकडा त्यातल्या त्यात स्वच्छ असतो, कारण तो विमानतळावर आणि सीमेवर पासपोर्टवरून मोजला जातो. २०१९ साली १ कोटी ९ लाख, करोनाच्या २०२० साली २७ लाख, आणि २०२३ साली पुन्हा ९५ लाखांच्या आसपास. चढ-उतार सरळ दिसतो. देशांतर्गत पर्यटनाचं तसं नाही. २०२३ साली देशात सुमारे २५० कोटी देशांतर्गत पर्यटन-भेटी झाल्या, असं केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. लोकसंख्या १४० कोटी. म्हणजे हे अडीचशे कोटी लोक नव्हेत, भेटी आहेत. तुम्ही दिवाळीत अष्टविनायक केले आणि चार गावांत चार रात्री राहिलात तर तुमच्या एकट्याच्या चार भेटी होऊ शकतात. शिवाय सर्वांत मोठे आकडे उत्तर प्रदेशासारख्या राज्यांचे असतात. तिथे काशी, अयोध्या, मथुरा आहेत. आपल्याकडे शिर्डी आणि पंढरपूर. यात यात्रेकरू किती आणि डोंगर-समुद्र-जंगल बघायला गेलेला किती, हे त्या बेरजेतून वेगळं निघत नाही.

दुसरी अडचण अशी की ही बेरीज राज्यवार असते आणि निसर्गाला राज्यं ठाऊक नाहीत. पश्चिम घाट गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यांतून जातो. २०१२ साली युनेस्कोनं त्यातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रातली. पण 'पश्चिम घाट' नावाचा रकाना पर्यटनाच्या राज्यवार तक्त्यात नसतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पर्यटक म्हणजे जो घराबाहेर रात्र काढतो, अशी जगभर मान्य असलेली व्याख्या आहे. मोजदाद होते ती मुख्यतः हॉटेलच्या आणि लॉजच्या नोंदवहीतून. जो सकाळी गिरगावातून निघाला, लोणावळ्याच्या धबधब्याखाली भिजला, मक्याचं कणीस खाऊन रात्री घरी आला, तो या हिशेबात पर्यटकच नाही. आणि सह्याद्रीवर पावसाळ्यात सर्वाधिक गर्दी नेमकी याचीच असते. त्यातून आपण आकडा काढतो तो वर्षाचा. चाळीत वर्षभरात नळाला किती पाणी आलं हे कागदावर कितीही भरघोस दिसलं, तरी सकाळी सहा ते आठात किती आलं यावरच घर चालतं. डोंगराचंही तसंच आहे. वर्षाचा आकडा त्याला लागत नाही, जुलैतला रविवार लागतो.

दोन रविवार सांगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. भुशीचं धरण मुळात एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. आज त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसायला पावसाळ्याच्या रविवारी पाय ठेवायला जागा नसते. दुसरा रविवार १५ जून २०२५चा. मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी साकव कोसळला. पुलावर पाणी बघायला आलेल्या लोकांची दाटी होती. चौघे गेले, अनेक जखमी झाले. दोन्ही ठिकाणी फाटक नव्हतं, तिकीट नव्हतं आणि आत किती माणसं आहेत हे सांगणारं कुणी नव्हतं. अपघातानंतर बंदीहुकूम निघाले, फलक लागले. पण फलक लावणाऱ्यालाही तिथे रविवारी किती माणूस येतो याचा आकडा माहीत नसतो.

मला वाटतं, यात एक विलक्षण मेळ आहे आणि तो आपण नीट पाहिलेला नाही. प्रत्येक प्रदेशाचा सर्वांत नाजूक महिना हाच त्याच्या पर्यटनाचा मुख्य महिना असतो. जुलैत डोंगराची माती पाण्यानं फुगलेली असते, दरड सुटते, ओढ्याला क्षणात लोंढा येतो. आपल्याला धबधबा हवा असतो आणि धबधबा त्याच पाण्यानं होतो. हा मेळ एकट्या घाटापुरता नाही.

भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांच्या आसपास मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत काजवे दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात लुकलुकतात. काजव्याचं आयुष्य बहुतेक अळीच्या रूपात मातीत आणि पालापाचोळ्यात जातं. पंख फुटल्यावर त्याच्याकडे थोडेच दिवस उरतात आणि ते मीलनासाठी असतात. नर लुकलुकतो, मादी झाडोऱ्यातून उत्तर देते. या संभाषणाला काळोख लागतो. शनिवारी रात्री मुंबई-पुणे-नाशिकहून आलेल्या मोटारींचे दिवे, मोबाइलचे टॉर्च आणि फोटोचे फ्लॅश त्या काळोखात घुसतात. झाडाखाली उभी राहणारी पावलं मातीतल्या पुढच्या पिढीवर पडतात ती वेगळीच.  ज्या पंधरवड्यात त्याला माणूस नको असतो, त्याच पंधरवड्यात आपण जातो.

साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. जांभ्या खडकावर काही इंचांचा मातीचा थर, त्यावर पावसाळ्यात उगवणारी रोपं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद. यांतली बरीचशी एकवर्षायू आहेत. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं, एवढ्या अवधीत सगळं उरकावं लागतं. फुलाच्या गालिच्यात बसून फोटो काढला की पाचपन्नास रोपांचं पुढच्या वर्षीचं बी गेलं. कासला हे लवकर लक्षात आलं. तिथे आता ऑनलाइन नोंदणी लागते, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे आणि आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्या कारभार पाहतात. मर्यादा पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण वाद घालायला निदान आकडा आहे.

कोकणात नाजूक महिना मे. इतका पाऊस पडूनही जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. त्याच वेळी आंबा तयार असतो, शाळांना सुट्टी असते. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांना हा महिना अंगात मुरलेला आहे, कारण गिरगावच्या चाळी मेमध्ये आणि गणपतीत अर्ध्या रिकाम्या व्हायच्या. पण गावी जाणारा हा चाकरमानी पर्यटक नव्हता. त्याला घराची विहीर किती खोल आहे आणि मेअखेर तिच्यात किती पाणी राहतं हे ठाऊक असे, म्हणून तो बादल्या मोजून अंघोळ करी. त्याचा नातू आता स्वतःच्याच तालुक्यात रिसॉर्टची खोली घेतो, कारण आजोबांच्या घराची कौलं कोसळली आहेत. खोलीत शॉवर आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण इथे घराघरांत न्याहारी-निवास सुरू झाले, स्कूबा आलं, गावात पैसा आला. मालवणचं सागरी अभयारण्य त्याआधी दहा वर्षांचं, १९८७चं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. उन्हाळ्यात पाणी तापलं की प्रवाळावर ताण असतो, आणि याच दिवसांत मास्क लावलेला हौशी माणूस दम लागला की त्याच्यावर पाय टेकतो.

विदर्भात पाहा. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९५ साली अंधारीसह व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो, सागाची पानं गळलेली असतात, पाणी थोड्याच पाणवठ्यांवर उरतं, आणि वाघ तिथे येतो. म्हणून मे हा वाघ दिसण्याचा महिना आणि सफारीच्या नोंदणीसाठी झुंबड उडण्याचा महिना. त्याच मेमध्ये जंगलात दुसरीही माणसं असतात. तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालेल्या बायका. वाघाच्या हल्ल्यात त्यांचे बळी जातात, ते याच हंगामात. जिप्सीत बसलेल्याला वाघ दिसावा यासाठी पैसे मोजले जातात, आणि पानं खुडणारी तो दिसू नये म्हणून हाकारत चालते. एका जंगलातले हे दोन मे आहेत.

ताडोबाला फाटकं आहेत. गाड्यांची संख्या ठरलेली आहे, गाभा क्षेत्र पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१२मध्ये गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही काळ थांबवलं, आणि नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ते पुन्हा सुरू झालं. तरीही फाटक असलं म्हणजे सगळं भागलं असं नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी अडवले. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, दंड झाले. तारीख पाहा. ती जंगलाच्या पंचांगातली नव्हे, आपल्या सुट्टीच्या कॅलेंडरमधली तारीख आहे.

मराठवाड्याविषयी थोडक्यात. तिथे माणूस वेरूळ-अजिंठ्याला, घृष्णेश्वराला जातो. नाथसागर जलाशयाच्या काठचे पक्षी पाहायला फारसा जात नाही. म्हणजे आपली गर्दी सगळीकडे सारखी पसरत नाही. ती थोड्या ठिकाणी, थोड्या दिवसांत साठते.

यावर उपाय काय? 'जाऊ नका' असं सांगणं सोपं आहे आणि चूकही. हंगाम हाच या गावांचा वर्षाचा पैसा असतो. शिवाय नाजूक महिन्यात माणूस गेला म्हणजे नुकसान झालंच, हेही खरं नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव त्याचा दाखला आहे. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे वाळूत अंडी घालतात. ती अंडी चोरीला जात, कुत्री-कोल्हे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी. पाहुणे दोरीच्या मागे उभे राहतात. मुक्काम गावातल्या घरांत असतो, म्हणून गर्दी किती हे मुख्यतः गावात अंथरुणं किती यावर ठरतं. ताटात काय वाढायचं तेही घरातली बाईच ठरवते. पैसा ज्याच्या हातात जातो, किनारा राखणंही त्याच्याच हातात आहे. वेळासचं यश यात आहे, कासवांच्या गोंडसपणात नाही.

महाराष्ट्राबाहेरची दोन उदाहरणंही कामाची आहेत. इटलीतल्या व्हेनिसनं २०२४ साली फक्त एका दिवसासाठी येणाऱ्यांवर, गर्दीच्या ठरावीक दिवशी, पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. रक्कम किरकोळ आहे. पण जो मोजला जात नव्हता, तो त्यामुळे मोजला जाऊ लागला. आपल्याच देशात, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास सुरू झाला. आधी नुसती मोजणी, आणि मोजणीतून चित्र दिसल्यावर एप्रिल २०२५पासून उटीला उन्हाळी हंगामात रोज सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार गाड्यांची मर्यादा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मोजलं आणि मग मर्यादा घातली. आपण फलक लावतो आधी आणि मोजत कधीच नाही.

आपल्याला मोजता येत नाही असंही नाही. टोलनाक्यावर प्रत्येक गाडीची नोंद फास्टॅगनं होते. द्रुतगती मार्गावर खालापूरला जुलैच्या रविवारी किती गाड्या आल्या हे यंत्रात आहेच. ते पैशासाठी मोजलं जातं, डोंगरासाठी वाचलं जात नाही. माझी पहिली मागणी एवढीच की पर्यटनाची आकडेवारी प्रदेशवार आणि महिनावार प्रसिद्ध व्हावी, आणि रात्र न काढणारा पाहुणाही तिच्यात यावा.

दुसरी मागणी बंदीकाळाची. ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. कायदा अलीकडचा आहे, पण कोळी त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमा पाळत आला आहे. किनाऱ्यावरच्या जलक्रीडाही पावसाळ्यात बंद होतात. कोकण रेल्वे तर हा धडा फार महागात शिकली. २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीवर आदळून सुट्टीसाठी सोडलेली खास गाडी घसरली आणि ५०हून अधिक माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात मत्स्यगंधा घसरली. आज कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, वेग कमी असतो, रुळांवर गस्त असते. गाडी बंद केली नाही, तिला पावसाळ्याच्या चालीनं चालायला लावलं. पर्यटनालाही असंच पावसाळी वेळापत्रक हवं. काजव्यांच्या पंधरवड्यात रात्री मोटार गावाच्या वेशीवर थांबावी. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रविवारी धबधब्याची वाट खरोखर बंद व्हावी. मेमध्ये किनाऱ्यावर खोल्यांची परवानगी विहिरीच्या पाण्याशी बांधलेली असावी.

आणि तिसरी गोष्ट, ही वेळापत्रकं मंत्रालयात बनू नयेत. घाटघरच्या माणसाला काजवा कधी येतो ते माहीत आहे, देवबागच्या माणसाला पाणी कधी गढूळ होतं ते माहीत आहे. कास आणि वेळास या दोन्ही ठिकाणी दोरी गावाच्या हातात आहे, म्हणून ती दोरी टिकते.

जुलै २०२५मध्ये महाराष्ट्रातले अकरा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत. आता तिथेही गर्दी वाढेल आणि वाढलेल्या टक्क्यांची बातमी येईल. ती बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. ही माणसं नेमकी कुठे वाढली, आणि कोणत्या महिन्यात? राजगडावर जानेवारीत वाढलेले हजार आणि जुलैत वाढलेले हजार हे दोन वेगळे आकडे आहेत. कोळी दोन महिने होडी ओढून ठेवतो तो समुद्रावर उपकार म्हणून नव्हे. पुढच्या वर्षीची मासळी त्याला हवी असते, आणि एवढा हिशेब त्याला पक्का कळतो. डोंगर, किनारा आणि जंगल विकून पोट भरणाऱ्या धंद्यालाही तो कळायलाच हवा. नाहीतर दोन रविवारांची ही यादी वाढत जाईल, आणि तेवढी एकच संख्या आपण अचूक मोजत राहू.